१९०८ चे बर्मिंगहॅम : एका तरुण औद्योगिक नगराचे एक वर्ष

अमेरिकेच्या दक्षिण भागातील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम हे शहर १८७१ साली वसविण्यात आले. त्यापूर्वी तेथे मक्याची शेते होती आणि दोन लोहमार्ग एकमेकांना जेथे छेदणार होते, असे एक ठिकाण होते. एका जमीन कंपनीने ते ठिकाण हेरून भूखंड पाडले, इंग्लंडमधील पोलादनगरीचे नाव त्याला दिले आणि विक्रीस सुरुवात केली. १८८० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३,०८६ होती. १९०० साली ती ३८,४१५ झाली आणि १९१० साली १,३२,६८५. शेवटच्या उडीत आसपासच्या उपनगरांच्या समावेशाचा वाटा मोठा आहे. तरीही ‘जादूचे शहर’ हे बिरुद त्याला उगीच चिकटले नव्हते.

या शहराचे एक वैशिष्ट्य सहसा दुर्लक्षिले जाते. यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि त्यासोबत गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. बर्मिंगहॅम त्यानंतर सहा वर्षांनी जन्मले. म्हणजे चार्ल्सटन किंवा न्यू ऑर्लिन्सप्रमाणे गुलामांच्या बाजाराचा वारसा या शहराकडे नव्हता. जे काही येथे उभे राहिले, ते नव्याने आणि जाणीवपूर्वक उभे करण्यात आले. प्रस्तुत लेखात १९०८ या एका वर्षातील घडामोडींच्या आधारे, या तरुण औद्योगिक नगराची भरभराट कोणत्या पायावर उभी होती याचा शोध घेतला आहे. पाया अर्थातच लोखंड आणि कोळसा यांचा होता, असे उत्तर पटकन सुचते. ते अपुरे आहे.

भूगर्भाची देणगी आणि तिची किंमत

लोखंड तयार करण्यासाठी लोहखनिज, दगडी कोळशापासून मिळणारा कोक आणि चुनखडी या तीन वस्तू लागतात. बर्मिंगहॅमच्या परिसरात या तिन्ही वस्तू काही मैलांच्या अंतरात सापडतात. दक्षिणेकडील ‘रेड माउंटन’ या डोंगराच्या तांबड्या थरात लोहखनिज, वायव्येला वॉरियर नदीच्या खोऱ्यात कोळसा आणि मधल्या जोन्स दरीत चुनखडक. पिट्सबर्गच्या कारखान्यांना शेकडो मैलांवरील सुपीरियर सरोवराच्या काठावरून खनिज आणावे लागे. बर्मिंगहॅमला तो खर्च नव्हता. शहराच्या जाहिरातदारांनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की ती सर्वस्वी खरी मानली गेली.

दुसरी बाजू धातुशास्त्राची आहे. रेड माउंटनच्या खनिजात लोहाचे प्रमाण जेमतेम ३५ ते ३७ टक्के होते. सुपीरियर सरोवराच्या खनिजात ते ५० टक्क्यांच्या वर असे. लोहांश कमी म्हणजे एक टन कच्च्या लोखंडासाठी खनिज अधिक, आणि ते वितळविण्यासाठी कोकही अधिक. कोळशाचे थर पातळ होते आणि त्यांत शेलचे पट्टे मिसळलेले होते, त्यामुळे कोळसा धुवून घ्यावा लागे. खनिजात फॉस्फरस इतका होता की त्या काळी सर्वत्र रूढ असलेल्या बेसेमर पद्धतीने त्यापासून चांगले पोलाद होत नसे. टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड कंपनीने १८९९ साली शहरालगतच्या एन्स्ली येथे ‘ओपन हार्थ’ पद्धतीच्या भट्ट्या चालू केल्या, तेव्हा कोठे पोलादाचा प्रश्न सुटला.

याचा हिशेब असा होतो. कच्चा माल एकत्र आणण्याचा खर्च कमी, पण तो खणून काढण्याचा आणि शुद्ध करण्याचा खर्च जास्त. खणण्याच्या खर्चात मोठा भाग मजुरीचा असतो. म्हणजे निसर्गाने दिलेल्या मालात जी उणीव होती, ती मजुरीत भरून काढली तरच बर्मिंगहॅमचे लोखंड उत्तरेकडील बाजारात स्वस्त विकता येणार होते. शहराच्या राजकारणाची, कायद्याची आणि वर्णव्यवस्थेची गुरुकिल्ली या साध्या गणितात आहे.

येथे एक आनुषंगिक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९०२ साली मुंबईचे जमशेटजी टाटा पोलाद कारखान्याच्या पूर्वतयारीसाठी अमेरिकेत गेले, तेव्हा कोक तयार करण्याची प्रक्रिया पाहण्यासाठी ते अलाबामातील याच बर्मिंगहॅमला गेले होते. जमशेटजी १९०४ साली निवर्तले. त्यांच्या पश्चात १९०७ साली मुंबईत टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली आणि १९०८ साली साकची येथे कारखान्याच्या कामास आरंभ झाला.

मालकीचे स्थलांतर

१९०८ च्या घटनांचा उगम आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात आहे. त्या महिन्यात न्यूयॉर्कमध्ये निकरबॉकर ट्रस्ट कंपनीवर ठेवीदारांची झुंबड उडाली आणि आर्थिक घबराट पसरली. ‘मूर अँड श्ले’ ही दलाली पेढी बुडण्याच्या बेतात होती. या पेढीने काढलेल्या कर्जांना तारण म्हणून टेनेसी कंपनीचे समभाग ठेवलेले होते. ते एकदम बाजारात विक्रीस आले असते, तर पेढी आणि तिच्यामागून आणखी काही संस्था कोसळल्या असत्या. जे. पी. मॉर्गन यांनी तोडगा काढला : यू. एस. स्टील कॉर्पोरेशनने आपले रोखे देऊन ते समभाग घ्यावेत. मात्र देशातील सर्वांत मोठ्या पोलाद कंपनीने दक्षिणेतील प्रमुख प्रतिस्पर्धी गिळंकृत करणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरू शकत होता. म्हणून एल्बर्ट गॅरी आणि हेन्री फ्रिक हे दोघे रातोरात आगगाडीने वॉशिंग्टनला गेले आणि ४ नोव्हेंबर १९०७ च्या सकाळी, शेअरबाजार उघडण्यापूर्वी, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना भेटले. रूझवेल्ट यांनी हरकत घेतली नाही. पुढे १९११ साली सरकारने यू. एस. स्टीलविरुद्ध खटला भरला, तेव्हा या व्यवहाराचा त्यात समावेश होता. १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला.

अशा रीतीने १९०८ उजाडले, तेव्हा शहरातील सर्वांत मोठ्या उद्योगाचा मालक बदललेला होता. स्थानिक लेखनात या बदलाविषयी पुष्कळ हळहळ आढळते. ती काहीशी अतिरंजित म्हणावी लागेल. कारण टेनेसी कंपनीचे नियंत्रण त्याआधीही न्यूयॉर्कच्या भांडवलदारांकडेच होते. फरक पडला तो वेगळ्या जागी. पूर्वीचे मालक पिट्सबर्गशी स्पर्धा करीत होते. १९०७ मध्ये हॅरिमन यांच्या रेल्वेसमूहाने एन्स्लीकडे रुळांची मोठी मागणी नोंदविली होती. नव्या मालकाचे स्वतःचे प्रचंड कारखाने पिट्सबर्गमध्ये होते आणि एका हाताने दुसऱ्या हाताशी स्पर्धा करण्याचे त्याला कारण नव्हते. १९०९ पासून बर्मिंगहॅमच्या पोलादाची किंमत पिट्सबर्गच्या किमतीत टनामागे तीन डॉलर मिळवून ठरविली जाऊ लागली. खरा उत्पादनखर्च कितीही कमी असो, शेजारच्या ग्राहकाला त्याचा लाभ मिळणार नव्हता. पिट्सबर्गला आधारभूत मानणारी ही किंमतपद्धती संघराज्याच्या व्यापार आयोगाच्या आदेशाने १९२४ साली बंद झाली. दक्षिणेचे औद्योगिकीकरण यामुळेच खुंटले काय, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. स्थानिक बाजारपेठ लहान असणे आणि मजुरी कमी असल्याने लोकांची क्रयशक्तीही कमी असणे, ही कारणे किमतीच्या पद्धतीइतकीच वजनदार वाटतात.

नवे अध्यक्ष म्हणून जॉर्ज गॉर्डन क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली. जॉर्जिया राज्यातील तंत्रशिक्षण संस्थेच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. शाळा, घरे आणि आरोग्यसेवा यांवर पुढील दशकात त्यांनी बराच खर्च केला. कामगार टिकून राहावेत हा त्यामागील हेतू त्यांनी लपविला नाही. १९०८ च्या उन्हाळ्यात मात्र यांतील फारसे काही अस्तित्वात आलेले नव्हते.

शहराचे दर्शनी रूप

मध्यवर्ती चौकात या काळात पोलादी सांगाड्यांच्या उंच इमारती उठत होत्या. सोळा मजली ब्राउन-मार्क्स इमारतीचा १९०८ मध्ये विस्तार झाला. समोरच्या कोपऱ्यावर एम्पायर इमारत १९०९ मध्ये पुरी झाली. नव्या टर्मिनल रेल्वे स्थानकाचे काम चालू होते. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवसापासून जेफरसन काउंटीत दारूबंदी लागू झाली. आदल्या ऑक्टोबरात झालेल्या मतदानात ग्रामीण भाग आणि उपनगरांनी तिला कौल दिला होता. धर्मनिष्ठ मंडळी आणि शिस्तबद्ध कामगार हवा असणारे कारखानदार या प्रश्नावर एका बाजूला आले. गुत्त्यांच्या परवाना शुल्कातून येणारे मोठे उत्पन्न आटल्यामुळे नगरपालिकेची तिजोरी मात्र चिमटीत सापडली. १९११ साली काउंटीने पुन्हा मतदान करून ही बंदी उठविली.

बारा क्रमांकाची खाण

खाणी शहराच्या हद्दीबाहेर होत्या, पण शहर त्यांच्यावरच जगत होते. त्यांपैकी प्रॅट खाणसमूहातील ‘स्लोप नंबर १२’ या खाणीत हजाराहून अधिक कृष्णवर्णीय पुरुष सक्तीने राबत होते. ते कैदी होते आणि टेनेसी कंपनीने त्यांना भाड्याने घेतले होते.

अलाबामाची ही पद्धती अशी चालत असे. राज्याच्या न्यायालयात शिक्षा झालेले कैदी राज्य सरकार खाणमालकांना भाड्याने देई. किरकोळ गुन्ह्यांचे कैदी काउंटी देत असे. भाड्याची रक्कम सरकारजमा होई आणि राज्याच्या महसुलाचा तो लक्षणीय भाग होता. याखेरीज शेरीफ, कारकून आणि साक्षीदार यांना प्रत्येक खटल्यामागे शुल्क मिळे. हे शुल्क आरोपीकडून वसूल व्हायचे. त्याच्यापाशी पैसे नसतील तर तितके दिवस त्याची शिक्षा वाढे. ज्या अधिकाऱ्याचे उत्पन्न अटकांच्या संख्येवर अवलंबून आहे, तो अटका कमी करील अशी अपेक्षाच व्यर्थ होती. ‘भटकेपणा’, म्हणजे नोकरीचा पुरावा देता न येणे, हा गुन्हा त्यासाठी सोयीचा होता. कायद्याच्या मजकुरात वर्णाचा उल्लेख नसे. प्रत्यक्षात तो कोणावर वापरला जाई, हे खाणीतील चेहरे पाहून कळत असे.

पत्रकार डग्लस ब्लॅकमन यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्लेव्हरी बाय अनदर नेम’ या ग्रंथात काउंटीच्या दप्तरांवरून एका तरुणाची कहाणी जुळविली आहे. ग्रीन कॉटनहॅम हा पूर्वाश्रमीच्या गुलाम आईबापांचा मुलगा. ३० मार्च १९०८ रोजी शेल्बी काउंटीत त्याला भटकेपणाच्या आरोपावरून पकडण्यात आले. शिक्षा तीस दिवसांच्या सक्तमजुरीची झाली. शुल्क भरता न आल्याने ती जवळजवळ वर्षभराची बनली. काउंटीने त्याला दरमहा १२ डॉलर भाड्याने टेनेसी कंपनीकडे सोपविले आणि त्याची रवानगी १२ क्रमांकाच्या खाणीत झाली. ठरलेला कोळसा दिवसाकाठी न निघाल्यास फटके बसत. १५ ऑगस्ट रोजी कॉटनहॅम क्षयाने मरण पावला. त्या वर्षात या एका खाणीतील सुमारे साठ कैदी रोग, अपघात किंवा मारहाण यांनी मेले, असे ब्लॅकमन नोंदवितात.

मानवी हक्कांच्या दृष्टीने ही पद्धती निंद्य होती, याविषयी आज दुमत नाही. परंतु तिचे आर्थिक कार्य स्वतंत्रपणे समजून घेतले पाहिजे, कारण तिचा उपयोग केवळ फुकट श्रमापुरता नव्हता. कैदी संप करीत नाही. कोळशाचा किमान पुरवठा त्याच्यामुळे अखंड राहतो, भट्ट्या विझत नाहीत आणि मोकळ्या कामगाराला आपल्या मागणीची ताकद किती हे तोलताना तो पुरवठा जमेस धरावा लागतो. शिक्षा संपल्यावर अनेक कैदी प्रशिक्षित खाणकामगार म्हणून त्याच परिसरात राहत, हा मालकांचा आणखी एक लाभ. संपूर्ण जिल्ह्यातील मजुरीवर दाब ठेवण्याचे काम हे कैदी, स्वतःच्या इच्छेविरुद्ध, करीत होते.

उन्हाळ्यातील संप

युनायटेड माइन वर्कर्स या संघटनेची अलाबामा शाखा १८९८ साली स्थापन झाली होती. राज्यातील कोळसा कामगारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. त्यांना वगळून संघटना उभीच राहू शकत नव्हती. म्हणून अध्यक्ष गौरवर्णीय आणि उपाध्यक्ष कृष्णवर्णीय, असा संकेत पाळला जाई. याला समता म्हणता येणार नाही. परंतु १९०१ च्या राज्यघटनेने मतदान कर आणि साक्षरतेच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपविला होता. शाळा, गाड्या, दफनभूमी सर्व वेगळे झाले होते. अशा राज्यात दोन्ही वर्णांची माणसे एका सभेत बसून एका ठरावावर मत देत, ही घटना असाधारण होती. डॅनियल लेटविन यांच्यासारख्या इतिहासकारांनी या सहकार्याच्या मर्यादा दाखविल्या आहेत. ते व्यवहारी गरजेतून आले होते, असा त्यांचा सूर आहे. गरजेतून आले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

टेनेसी कंपनीसह मोठ्या लोहकंपन्यांनी १९०४ पासूनच संघटनेशी करार करणे बंद केले होते. बाजारात कोळसा विकणारे लहान खाणमालक मात्र अजून करार पाळीत होते. १९०८ च्या मंदीत त्यांनीही कमी दराचा आग्रह धरला आणि जून अखेर करार संपला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपाची हाक देण्यात आली. प्रारंभी काही हजार सभासद बाहेर पडले. संघटनेत कधीही नसलेले लोक त्यांना येऊन मिळाले आणि काही आठवड्यांत संपकऱ्यांची संख्या दहा हजारांपलीकडे गेली. मालकांच्या दृष्टीने हे अनपेक्षित होते.

मालकांनी कंपनीच्या घरांतून कुटुंबे बाहेर काढली, तेव्हा संघटनेने माळावर तंबू उभारले. बाहेरगावाहून आगगाड्या भरून संपफोडे आणण्यात आले. अशा गाड्यांवर गोळीबार झाला, घरे सुरुंगाने उडविण्यात आली. रक्तपात दोन्ही बाजूंनी झाला. ऑगस्टच्या आरंभी ब्रायटन गावी एका कृष्णवर्णीय संपकऱ्याला कोठडीतून ओढून काढून झुंडीने फासावर लटकविले. १२ क्रमांकाच्या खाणीत या साऱ्या काळात कोळसा निघतच होता. ग्रीन कॉटनहॅमचे शेवटचे दिवस नेमके संपाच्या ऐन भरातील आहेत.

वृत्तपत्रांनी मजुरीचा प्रश्न बाजूला सारून ‘सामाजिक समते’चा प्रश्न पुढे आणला. गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एका व्यासपीठावर बोलणे, त्यांच्या बायकांनी एका सभेस हजर राहणे, हे दर टनाच्या दरापेक्षा भयंकर ठरले. ऑगस्टच्या मध्यास इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे, म्हणजे लिंकन यांच्या गावी, कृष्णवर्णीयांविरुद्ध भीषण दंगल झाली. संप मागे न घेतल्यास बर्मिंगहॅममध्ये याहून मोठे काही घडेल, असे शहरातील प्रतिष्ठितांनी संघटनेच्या पुढाऱ्यांना बजावले. दंगल थोपविणे ज्यांच्या हाती होते, तेच तिची धमकी देत होते.

राज्यपाल ब्रॅक्स्टन ब्रॅग कोमर यांची भूमिका निर्णायक ठरली. कोमर हे स्वतः बर्मिंगहॅममधील ॲव्हनडेल कापडगिरणीचे मालक. रेल्वे कंपन्यांचे दर नियंत्रित करणारे, शिक्षणावर खर्च वाढविणारे सुधारक म्हणून त्यांची ख्याती होती आणि ती निराधार नव्हती. दक्षिणेतील त्या काळच्या सुधारणावादाची चौकट कोठे संपत होती, हे त्यांच्या उदाहरणावरून उमगते. त्यांनी राज्याची सैन्यदले पाठविली. हजारो कृष्णवर्णीय पुरुषांनी रिकामे बसणे आपण खपवून घेणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, सार्वजनिक आरोग्याला धोका असल्याचे कारण पुढे करून, सैनिकांनी संपकऱ्यांचे तंबू कापून पाडले. निवारा गेला, पर्यायी जागा कोणी देईना. महिना संपता संपता संघटनेने संप मागे घेतला.

त्यानंतर

पुढील काही वर्षे अलाबामातील संघटना नावापुरती उरली. कंपन्यांनी हवे ते दर ठरविले. ८ एप्रिल १९११ रोजी दुसऱ्या एका कंपनीच्या बॅनर खाणीत स्फोट होऊन १२८ माणसे मरण पावली. त्यांतील बहुतेक सर्व कृष्णवर्णीय कैदी होते आणि पुष्कळांचे गुन्हे किरकोळ होते. कैद्यांना भाड्याने देण्याविरुद्ध लोकमत काहीसे हलले. टेनेसी कंपनीने १९१२ पर्यंत कैदी वापरणे थांबविले. यामागे नव्या व्यवस्थापनाला वाटणारी लाज किती आणि मोकळा कामगार आता पुरेसा नमला असल्याची खात्री किती, हे वेगळे करणे कठीण आहे. दुसऱ्या खाणमालकांनी ही पद्धती चालूच ठेवली. राज्याने ती १९२८ साली बंद केली. अमेरिकेत असे करणारे अलाबामा हे शेवटचे राज्य होते.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९३३ च्या उन्हाळ्यात, संघटनेचे कार्यकर्ते जिल्ह्यात पुन्हा आले. संघराज्य सरकारच्या नव्या कायद्याने कामगारांना संघटित होण्याचा हक्क मान्य केला होता. अध्यक्ष गौरवर्णीय आणि उपाध्यक्ष कृष्णवर्णीय, हा जुनाच संकेत त्यांनी पुन्हा अमलात आणला आणि थोड्याच अवधीत हजारो खाणकामगार सभासद झाले. या वेळी संप पुकारला गेला, तेव्हा कोळसा काढीत राहण्यासाठी खाणीत कैदी नव्हते.